कळवण ते त्र्यंबकेश्वर, मार्गे वणी: शाळा सुटल्यावरचा वर्ग कसा चालवावा

एकतीस वर्षं एसटीत कंडक्टर म्हणून काढली. पेठ, हरसूल, सुरगाणा, कळवण, कधी धुळे, कधी मुक्कामाची गाडी. निवृत्त झालो तेव्हा घरच्यांना वाटलं, आता हा दिवसभर बातम्या लावून बसणार. तसा बसलोही सात-आठ महिने. नाशिकच्या सातपूरला आमच्या घरामागे समाजमंदिर आहे. संध्याकाळी तिथे पोरं नुसती धुडगूस घालायची. एकदा त्यातल्या एकाला सहज म्हटलं, "अरे, समोरच्या दुकानाची पाटी वाच बरं." पोरगं तिसरीत. त्याने पाटीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि धूम ठोकली. दुसऱ्या दिवशी मी खिशात खडू टाकून गेलो. ही २०१८ च्या जूनमधली गोष्ट.

मधला कोरोनाचा काळ सोडला तर तेव्हापासून मंगळवार आणि शुक्रवार वर्ग चालू आहे. पहिली ते पाचवीची पोरं, कधी बारा, कधी बावीस. माझं शिक्षण बारावी, डी.एड. वगैरे काही नाही. लोक विचारतात, "आम्हाला जमेल का हो? आम्ही काही मास्तर नाही." जमतं. लिहिता-वाचता येणाऱ्या माणसाला पहिली-दुसरीचं शिकवता येतं, थोडं चुकत-माकत. अवघड आहे ते ठरल्या वेळेला गाडी फलाटावर लावणं. म्हणून तिथूनच सुरू करतो.

दोनच वार घ्या

नवीन माणूस जोमात म्हणतो, "मी रोज येत जाईन." त्याला मी हात जोडतो. रोज येणारा दिवाळीनंतर दिसत नाही. आठवड्याचे दोन वार घ्या, दीड तास घ्या, आणि जून ते एप्रिल असं सगळं वर्ष घ्या. तेही जमणार नसेल तर एकच वार घ्या, पण पाळा. फाट्यावर उभ्या माणसाची गाडी दोनदा चुकली की तिसऱ्यांदा तो एसटीची वाट बघत नाही, काळी-पिवळीत बसतो. पोरांची काळी-पिवळी म्हणजे मोबाइल.

एका वर्षी कॉलेजची काही मुलं आली होती. शनिवारी चाळीस वह्या वाटल्या, गाणी म्हटली, भरपूर फोटो काढले, "पुढच्या शनिवारी भेटू" म्हणाली. पुढच्या शनिवारी पोरं साडेचारपासून पायरीवर बसली होती. सहा वाजता मी त्यांना घरी पिटाळलं. कॉलेजच्या मुलांवर माझा राग नाही, त्यांच्या परीक्षा होत्या म्हणे. पण "भेटू" हा शब्द लहान पोरापुढे जपून वापरावा. त्यांना तो खरा वाटतो.

वेळ ठरवताना आपली सोय मागे ठेवा. चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरवू नयेत असं २०२४ साली सरकारने सांगितलं, त्यानंतर आमच्याकडच्या बऱ्याच पोरांची शाळा सुटायची वेळ पुढे सरकली. शिवाय आमच्या भागात आईबाप कंपनीत पाळ्यांवर. पहिली पाळी सुटून माणूस घरी येतो, दुसरी पाळीवाला तेव्हा कामावर असतो, आणि या मधल्या वेळात पोरगं रस्त्यावर. मी साडेपाच ते सात धरलं. दिवाळी झाली की मात्र वेळ अर्ध्या तासाने अलीकडे घेतो, कारण डिसेंबरात सहाच्या सुमारास अंधारून येतं आणि नाशिकच्या थंडीत लहान पोराला अंधारातून एकटं घरी धाडायचं नसतं.

जागा आणि कागद

महापालिकेच्या किंवा जिल्हा परिषदेच्या शाळेतच बसायचं असेल तर मुख्याध्यापकांना लेखी अर्ज द्या. वरच्या कार्यालयाची परवानगी लागेल का, हे त्यांच्याकडूनच कळेल. त्याआधी एक करा. शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे शाळेची व्यवस्थापन समिती असते आणि तिच्यात तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात. त्यातल्या दोघा-तिघांशी आधी बोलून ठेवा. पालक म्हणाले की "हा माणूस आम्हाला पाहिजे", तर अर्ज लवकर हलतो. शाळा नको असेल तर समाजमंदिर, देवळाचा सभामंडप, सोसायटीचा हॉल, काहीही चालतं. दिवा, पंखा, पाणी आणि जवळ संडास एवढं बघा. संडास नसेल तर जागा कितीही ऐसपैस असो, घेऊ नका. मुली यायच्या बंद होतात आणि कारण कुणी सांगत नाही.

पोलिसांचा चारित्र्य पडताळणीचा दाखला काढून ठेवा, ऑनलाइन अर्ज करता येतो. माझ्याकडे तो कोणीच मागितला नव्हता. तरी मी काढला आणि पालकांच्या पहिल्या बैठकीत सतरंजीवर ठेवला. एका आईने तो उचलून पहिल्या ओळीपासून शेवटच्या शिक्क्यापर्यंत वाचला आणि म्हणाली, "हे बरं केलं बाबा तुम्ही." त्या दिवशी नऊ पोरं नाव घालून गेली.

प्रत्येक पोराचा एक कागद भरून घ्या. नाव, इयत्ता, शाळा, आईचा आणि वडिलांचा असे दोन्ही फोन, घ्यायला कोण येणार, काय खाल्लं की त्रास होतो. खाली पालकाची सही किंवा अंगठा.

दार उघडं ठेवायचं

हे नियम मी स्वतःसाठी केले आणि एकदाही मोडले नाहीत. वर्गात मोठी माणसं कायम दोन. माझ्याबरोबर शेजारच्या वहिनी बसतात. त्यांना कधी यायला जमलं नाही तर एखाद्या पोराच्या आजीला बोलावतो, तेही जमलं नाही तर वर्ग पायरीवर, रस्त्याला दिसेल असा. दार उघडं, खिडक्या उघड्या. कोणत्याही पोराला एकट्याला घरी बोलवायचं नाही, गाडीवर मागे बसवून सोडायचं नाही. मांडीवर घ्यायचं नाही, गालगुच्चे नाहीत. पाठ थोपटायची तर सगळ्यांसमोर. फोटो काढायचे नाहीत, मग टाकायचे तर लांबच. म्हाताऱ्या माणसाला हे जाचक वाटतं, मलाही वाटलं. पण मी चांगला आहे हे मला माहीत आहे, त्या आईला कुठून माहीत असणार?

एखादं पोर कधी काही सांगतं. घरात मारतात, कोणी वाईट हात लावतो. तेव्हा चेहरा शांत ठेवा, खोदून खोदून विचारू नका आणि "कोणाला सांगणार नाही" असं वचन मुळीच देऊ नका. "सांगितलंस ते चांगलं केलंस" एवढं म्हणा. १०९८ ही मुलांसाठीची हेल्पलाइन आहे, तो नंबर भिंतीवर पोरांच्या उंचीला लिहून ठेवा. लैंगिक अत्याचाराची गोष्ट असेल तर २०१२ च्या पॉक्सो कायद्याप्रमाणे पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. "घरातलं प्रकरण आहे, आपण कशाला मध्ये पडा" हे तिथे चालत नाही.

पोरगं कोणत्या थांब्यावर उभं आहे ते बघा

पहिल्या महिन्यात मी सपशेल गाढवपणा केला. चौथीचं पोर म्हणून चौथीचं मराठीचं पुस्तक काढलं आणि म्हटलं, वाच. त्याने घडाघडा धडा म्हटला. मी खूश. वहिनी शेजारी बसल्या होत्या, त्या हळूच म्हणाल्या, "भाऊ, बोट बघा त्याचं." बोट तिसऱ्याच ओळीवर होतं. सगळा धडा पाठ होता, वाचता एक अक्षर येत नव्हतं. अशी पोरं हुशार असतात, बरं का. वाचता येत नाही हे वर्षानुवर्षं लपवायचं तर डोकं लागतं.

तेव्हापासून पहिल्या आठवड्यात शिकवणं बंद. एकेक पोर बाजूला, म्हणजे दाराजवळ, घेऊन पाच मिनिटं बसतो. पद्धत माझी नाही. 'प्रथम' ही संस्था २००५ पासून 'असर' नावाची पाहणी करते, त्यांची आहे. चार-पाच सोप्या वाक्यांचा न पाहिलेला परिच्छेद पुढे ठेवायचा. तो वाचला तर जरा मोठी गोष्ट द्यायची. परिच्छेदात अडखळलं तर सुटे शब्द. शब्दही येत नसतील तर सुटी अक्षरं. पाचातली चार आली तर आलं म्हणायचं. इयत्ता विचारायचीच नाही. प्रवासी जिथे उभा आहे तिथून त्याला घ्यायचं. तो पुढच्या थांब्यावर असायला हवा होता, हे बोलून गाडी भरत नाही.

मग गट पाडायचे ते याच हिशेबाने. माझ्या गटात दुसरीची पोरगी आणि पाचवीचा दांडगा पोरगा शेजारी बसतात. त्याला लाज वाटू नये म्हणून गटांना 'कच्चे', 'पक्के' अशी नावं कधीच दिली नाहीत. गावांची नावं दिली, ती कशी ते पुढे आलंच.

शाळा उघडल्यावर, म्हणजे कोरोनानंतर, हे तपासणं फार उपयोगी पडलं. पहिलीत असताना ज्यांची शाळा बंद झाली, ती पोरं तिसरीत येऊन बसली होती आणि त्यातल्या कित्येकांना 'भ' आणि 'म' वेगळे आहेत हेच ठाऊक नव्हतं. त्यांच्या बाईंच्या हातात तिसरीचं पुस्तक. बाई तरी काय करणार?

पाट्या

वाचन शिकवायला मी एसटीच्या पाट्या वापरतो. खऱ्या पाट्या जड असतात, म्हणून लग्नपत्रिकांच्या कोऱ्या बाजूवर जाड मार्करने गावांची नावं लिहिली. आपल्या जिल्ह्यात पंधरा तालुके, शिवाय थांबे किती! लिहिता लिहिता लक्षात आलं की ही नावं नीट ओळीने लावली तर अख्खी बाराखडी त्यात बसते.

पहिली पाटी कळवण. क, ळ, व, ण. ना काना, ना मात्रा. चार अक्षरं ओळखता आली की पोराने आयुष्यातला पहिला शब्द वाचलेला असतो, आणि तो शब्द म्हणजे खरं गाव असतं, तिथे कोणाची तरी मावशी राहते. मग मनमाड, एक काना. निफाडला पहिली वेलांटी, वणीला दुसरी. सुरगाण्याला पहिला उकार, हरसूलला दुसरा. पेठला मात्रा. नांदगावला डोक्यावर टिंब. दिंडोरीत वेलांटी, टिंब, काना-मात्रा सगळी जत्रा. सिन्नरला जोडाक्षराशी पहिली गाठ. आणि शेवटचा थांबा त्र्यंबकेश्वर. तो वाचता आला की आमच्याकडे दोनदा बेल वाजते.

एक पाटी आठवडाभर पुरते, घाई करू नका. कळवण आली की त्याच अक्षरांचे खेळ करा. 'वण', 'कण', 'वळ', 'कळ'. काना लावून 'काळ', 'वाळ', 'वाण'. खडूने जमिनीवर लिहा आणि पोरांना अक्षरावर उड्या मारू द्या. मुलींना हे फार आवडतं, मुलगे आधी नखरे करतात आणि मग उतरायला तयार नसतात.

घ आणि ध, भ आणि म, प आणि ष, ड आणि ढ या जोड्या एकाच दिवशी शिकवू नका. आधी एक पक्कं होऊ द्या, दुसरं पंधरा दिवसांनी आणा. मी दोन्ही एकत्र 'फरक ओळखा' म्हणून शिकवले आणि पोरांची दोन्ही अक्षरं गेली. रफार तर सगळ्यात शेवटी ठेवा. 'सूर्य'मधला र बोलताना य च्या आधी येतो आणि लिहिताना य च्या डोक्यावर चढून बसतो, हे सात वर्षांच्या जिवाला एकदम पटत नाही, आणि खरं सांगू का, मलाही पटवून देता येत नाही. "तो टपावर बसलाय" म्हणतो आणि पुढे जातो.

पाट्या झाल्या की गोष्टी. प्रथम बुक्सच्या स्टोरीवीव्हर या संकेतस्थळावर मराठी गोष्टी फुकट मिळतात, पायऱ्यांप्रमाणे लावलेल्या. नातवाकडून छापून घेतल्या. पण सगळ्यात जोरात वाचन होतं ते पावसाळ्यात. गोदेला पूर आला की दुसऱ्या दिवशीचं वर्तमानपत्र नेतो. पाणी नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीच्या गुडघ्यापर्यंत, कमरेपर्यंत की छातीपर्यंत, हे स्वतः वाचून काढायला पोरं कागद ओढाओढी करतात. त्या दिवशी शिकवावं लागत नाही, कागद फाटू नये एवढं बघावं लागतं.

सुट्टे पैसे

गणितात माझा हात जरा बसलेला आहे. आधी आकड्यांच्या नावांचं बघा. मराठीत ३६ लिहिताना तीन आधी, बोलताना सहा आधी: छ-त्तीस. पोरगं ऐकतं त्या क्रमाने लिहितं आणि ६३ करून ठेवतं. त्रेसष्ट सांगा, ३६ लिहील. एकोणचाळीसला तर चाळीस ऐकून ४९ नाहीतर ४१. ही चूक आळसाची नाही, भाषेचीच वळणं तशी आहेत. २०१९ साली बालभारतीने दुसरीच्या गणितात 'वीस एक, वीस दोन' अशी वाचायची सोय दिली तेव्हा केवढा गदारोळ झाला होता. माझं मत असं की शिकताना पायरी म्हणून 'साठ तीन' म्हणा, खुशाल म्हणा. पण त्रेसष्टही आलंच पाहिजे, कारण गाडीत तिकीट सांगणारा कंडक्टर 'साठ तीन' म्हणत नाही.

हातच्याची वजाबाकी सगळ्या पोरांना नडते. '५२ वजा २७. दोनातून सात जात नाहीत, म्हणून शेजारून एक उसना घे.' हे उसनं का घ्यायचं, ते परत का करत नाहीत, काही कळत नाही. मी कागदाच्या नोटा केल्या, दहाच्या. आणि नाणी म्हणून चिंचोके. पाच नोटा आणि दोन चिंचोके ठेवले. "यातून सत्तावीस दे." पोरगं दोन नोटा द्यायला काढतं, मग सात चिंचोके शोधतं. आहेत दोनच. "आता रे?" बसमध्ये बसलेलं कोणतंही पोर लगेच सांगतं, "सुट्टे करून आण." एक नोट दिली, दहा चिंचोके घेतले. आता नोटा चार, चिंचोके बारा. त्यातले सत्तावीस दिले, उरले पंचवीस. झाली हातच्याची वजाबाकी. वहीत मांडायची ती याच्यानंतर, आधी नाही. नोटा-चिंचोक्यांत तीन-चार वर्ग गेले तरी जाऊ द्या.

उरलेले पैसे द्यायची आमची रीतही शिकवतो. तिकीट सदतीसचं, हातात पन्नासची नोट. आम्ही वजाबाकी करतच नव्हतो, गर्दीत कोण करणार! सदतीसच्या पुढे मोजत जायचं: अडतीस, एकोणचाळीस, चाळीस, हे घ्या तीन सुट्टे, आणि हे दहा, झाले पन्नास. पोरांना ही लबाडी वाटते, म्हणून लगेच येते.

मोठ्या गटाला तिकिटांचं गणित. पूर्ण तिकीट शंभर रुपये. आजी अठ्ठ्याहत्तर वर्षांची, बाबा, आई, आठ वर्षांची ताई आणि तीन वर्षांचं बाळ. पंचाहत्तरच्या पुढे मोफत, बायकांना मार्च २०२३ पासून निम्मं, पाच ते बारा वयाला हाफ, पाचच्या आत काही नाही. किती झाले? दोनशे. मागे एका पोरीने विचारलं, "आजोबा, ताई बाई पण आहे आणि लहान पण आहे. मग निम्म्याचं निम्मं, पंचवीस का नाही?" मी गाडीवर होतो तेव्हा बायकांना निम्मं नव्हतं, त्यामुळे एकतीस वर्षांत हा प्रश्न मला एकाही प्रवाशाने विचारला नव्हता. उलट गाडीत आया सांगायच्या, "पाचवं लागायचंय अजून," आणि ते पोरगं मान वर करून म्हणायचं, "मी दुसरीत आहे!"

बाकीचं, थोडक्यात

येताना खाऊ न्या. साडेपाचला पोरं उपाशी असतात, दुपारची शाळेतली खिचडी कधीच जिरलेली. फुटाणे, गूळ-शेंगदाणे, केळी. चिवडा नेऊ नका, आपला नाशिकचा चिवडा खाऊन पोरं अर्धा तास पाणीच पीत बसतात. चॉकलेट बक्षीस म्हणून तर अजिबात नको. एकदा दिलं की वाचन चॉकलेटसाठी होतं.

गृहपाठासाठी वीस मिनिटं ठेवा, जास्त नाही. पालकांना तोच पाहिजे असतो, कारण तो दिसतो. नाही म्हटलं तर रुसतात. सगळं म्हटलं तर तुम्ही फुकटचे क्लासवाले होता. पोराच्या वहीत आपल्या अक्षरात एक रेघही काढू नका. आणि त्यांच्या शाळेतल्या बाईंबद्दल पोरांसमोर वाकडा शब्द नको. महिन्यातून एकदा जाऊन भेटा. आपण काय घेतो ते सांगा, त्या काय घेतायत ते विचारा.

भाषेचं एक. आमच्याकडे खानदेशातून आलेली पोरं आहेत, पेठ-सुरगाण्याकडची कोकणा आदिवासी घरांतली आहेत, उत्तरेकडून कंपन्यांत आलेल्या लोकांची आहेत. चित्रातल्या मुलाला एक पोरगी 'आंडोर' म्हणाली. मी चूक म्हणणार होतो, तेवढ्यात मागून दोघं ओरडली, "बरोबर आहे, आमच्या घरी पण आंडोरच!" मग फळ्यावर दोन्ही लिहिलं, आंडोर आणि मुलगा. हिंदी घरातली पोरं कळवणला 'कलवण' म्हणतात, 'ळ' त्यांच्या कानावर पडलेलाच नसतो. हसणाऱ्यांना गप्प करायचं आणि "बाळ, केळं, काळं, जांभळं" हे सगळ्यांनी मिळून जोरात म्हणायचं. महिन्याभरात येतो.

गडबड आवरायला भांडीबाजारातून एक पितळी घंटी आणली. एक बेल म्हणजे थांबा, दोन म्हणजे चला. पोरांना हा नियम एका दिवसात कळतो. मारायचं नाही, कान धरायचा नाही. शाळेत शारीरिक शिक्षेला आणि मानसिक छळाला शिक्षण हक्क कायद्याने बंदी आहे, आपण तर मास्तरही नाही. आणि शब्दही मारतात. एकदा मी चिडून एका पोराला सगळ्यांदेखत म्हणालो, "चौथीत आहेस ना रे? लाज वाटते का?" तो उठला, चपला घातल्या आणि गेला. तीन आठवडे आला नाही. चौथ्या आठवड्यात वहिनींना घेऊन त्याच्या घरी गेलो, त्याच्या आईशी नाही, त्याच्याशी बोललो. म्हणालो, माझं चुकलं. तो काहीच बोलला नाही. मंगळवारी आला, पण माझ्याकडे न बसता वहिनींच्या गटात बसला. अजून तिथेच बसतो.

मोठ्या बहिणी धाकट्या भावाला काखेत मारून येतात. त्याला घरी ठेवून ये म्हटलं तर बहीणही येणार नाही. धाकट्याला पाटी-पेन्सिल द्या आणि कोपऱ्यात रेघोट्या मारू द्या. अशाच एका रेघोट्यावाल्याने कोणी न शिकवता कळवण वाचलं.

पोरं गैरहजर राहिली की लगेच वैतागू नका. लावणीच्या दिवसांत पेठ-हरसूलकडची घरं गावी भाताला जातात. शिमग्याला जातात ती आठवडाभर येत नाहीत. द्राक्षाच्या हंगामात काहींचे आईबाप दिंडोरी-निफाडच्या बागांत कामाला असतात, पोरंही तिकडेच. यातलं कोणतं पोर कधी जाणार हे आधी विचारून ठेवा, जाताना हातात दोन गोष्टी द्या, आणि आल्यावर जिथे सोडलं होतं तिथून उचला. "एवढे दिवस कुठे होतास?" हे दारातच विचारलं तर ते पोर पुढच्या वेळी दारातच येत नाही.

यासाठीच मी वेबिल, म्हणजे कंडक्टर फेरीची नोंद ठेवतो तसा कागद, ठेवतो. कंडक्टरची सवय, दुसरं काय! दोनशे पानी वही, प्रत्येक पोराला चार पानं. तारीख, आलं का, कोणती पाटी वाचली, कुठे अडलं, आणि काही वेगळं बोललं असेल तर ते. 'आज भ बरोबर.' 'वडील रात्रपाळीला, झोप झाली नाही.' 'बूट नवीन, दाखवले.' वर्ग संपल्यावर तिथेच बसून दहा मिनिटांत लिहितो, घरी गेलं की विसरतं. खर्च म्हणाल तर खाऊ, खडू, छपाई धरून माझे महिन्याला सहा-सातशे जातात. देणग्या घेत नाही. पैसे आले की हिशेब आला, हिशेब आला की भांडण आलं.

आजारपण, लग्नकार्य, गावाला जाणं तुम्हालाही येणारच. त्यासाठी पहिल्या महिन्यातच बदली माणूस तयार करा आणि त्याला चार वेळा शेजारी बसवा. कायमचं सोडायचं असेल तर पोरांना महिनाभर आधी सांगा, नवा माणूस बरोबर आणून दाखवा आणि वही त्याच्या हातात द्या. गेल्या पावसाळ्यात मोतीबिंदूचं ऑपरेशन होतं तेव्हा मी हे सगळं करून बघितलं. वहिनींनी आणि त्यांच्या पुतण्याने सहा आठवडे वर्ग चालवला. परत आलो तर दोन पोरं सिन्नरला पोचलेली आणि माझ्या जागेवर पुतण्या बसलेला. तिथेच बसू दिलं त्याला. मी आता पाट्या वाटतो आणि बेल मारतो. आमच्या सातपूरच्या बाजूला कोणाला यायचं असेल तर मंगळवारी सव्वापाचला या, सतरंज्या टाकायला माणूस लागतो. किल्ली वहिनींकडे असते.